चेष्टा करणारीनं ओळ धरायची

बागेत तीन दिवस झाले तरी माझी कुणी चेष्टा केली नव्हती. हे चांगलं लक्षण नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मी ते उलटं समजले.

सुरुवात कॉलेजपासून करते. मी सांगलीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रकल्प, संदर्भसूची, टिपण असले शब्द मी घरी बोलते तेव्हा आई मान हलवून 'बरं' म्हणते. खरं सांगायचं तर वर्गात मीही पुष्कळदा तेच करते. दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी प्रत्येकाला एक शब्द निवडायला सांगितला. हसण्याखिदळण्याचा, मौजेचा, आपल्या गावात रोज ऐकू येणारा. त्याचा अर्थ, त्याचं मूळ आणि तो कसा वापरतात हे लिहून आणायचं. कुणी धिंगाणा घेतला, कुणी धुडगूस. एकीनं मस्करी घेतला आणि तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला हे तिला अर्ध्या तासात सापडलंही. मी चेष्टा घेतला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "चेष्टा करतीस काय?" आणि वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

ग्रंथालयात दोन दुपारी बसले. मूळ शोधायला वेळ लागला नाही. शब्द संस्कृतातला. तिथं त्याचा अर्थ हालचाल, अंगाचे हावभाव, वागणूक, प्रयत्न. हिंदीत आजही चेष्टा म्हणजे प्रयत्न. थट्टा हा अर्थ आपल्या मराठीतला. पण अंगाच्या हालचालीवरून शब्द थट्टेपर्यंत कसा आला, ते कुठं नीट लिहिलेलं मिळेना. मॅडम म्हणाल्या, "एखाद्याच्या चालण्याबोलण्याची नक्कल करायची, तसे हावभाव करून दाखवायचे, त्यातून आला असेल. पण हा आपला अंदाज." मग माझ्या वहीत बघून म्हणाल्या, "कोशातलं तू आणलंस. आता कोशात नाही ते आण. तुझ्या गावात बायका चेष्टा कशी करतात ते ऐक आणि लिही."

हे मला जमेल असं वाटलं. आमच्या गावात बायका जिथं सगळ्यात जास्त चेष्टा करतात ती जागा मला पाठ होती. ती म्हणजे द्राक्षाची बाग.

आमचं गाव पलूसच्या बाजूला. आई थिनिंगच्या टोळीत जाते. थिनिंग म्हणजे विरळणी. घडातले बारके, आत दडलेले, एकमेकांना दाबणारे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा मिळते. हात सतत डोक्याच्या वर, मान मागं. टोळी बाग उक्ती घेते, म्हणजे अख्ख्या बागेचा दर आधीच ठरवून. प्रत्येकीला एक ओळ. सगळ्या ओळी निघाल्याशिवाय घरी न्यायची पिकअप गाडी हलत नाही. एक मागं राहिली तर बाकीच्या अकराजणी तिच्यासाठी बांधावर बसून राहणार.

त्यामुळे टोळीत एक रीत पडली आहे. कधी पडली कुणाला माहीत नाही. मागं राहिलेली बाई मदत मागत नाही आणि पुढं गेलेली बाई न बोलता मदत करत नाही. न बोलता केली तर ती कीव होते, आणि कीव कुणाला नको असते. म्हणून आधी चेष्टा करायची, आणि जिनं चेष्टा केली तिनं त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिकडून घड धरायचे. नुसतं तोंड चालवून हात न लावणारीला दुसऱ्या दिवशी जेवताना कुणी आपल्या डब्यातलं विचारत नाही.

शाळेत असताना मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायचे तेव्हा हे सगळं बघितलेलं होतं. पानं खाली लोंबत असतात, त्यामुळे वेलींच्या मांडवात माणूस कमरेखालीच दिसतं. नुसते पाय आणि आवाज. टोळीत कुणाला नावानं हाक मारत नाहीत, जिचं जे माहेर तीच तिची ओळख. विट्याच्या बाईचा नवरा केरळात सोनं गाळायच्या दुकानात. ती हातानं जरा हळू. जतची बाई तिला म्हणायची, "काय गं इट्याचे, नवरा तिकडं सोनं गाळतोय म्हनून तू हितं मनी तोलून तोलून काडतीस व्हय? गुंज कमी पडंल म्हनून भ्या वाटतंय?" आणि म्हणता म्हणता तिचे पाय पलीकडच्या टोकाला निघालेले असायचे. दुसऱ्या दिवशी विट्याची बाई फेड करायची, जत दुष्काळी म्हणून. "जतचीला टँकर येईस्तर बसायची सवय गं. घागर लावून बसलीया बघा मांडवाखाली. आलाच म्हनायचा टँकर!" आणि तिचे पाय जतच्या ओळीच्या टोकाला. जतची कानडीत काहीतरी करवादायची, सगळ्या हसायच्या, आणि दोघी ओळीच्या मधे भेटायच्या.

असं मला लिहायचं होतं. म्हणून यंदा सुट्टीत मी आईबरोबर कामालाच गेले. आत्तींनी मला एक कात्री दिली आणि आईच्या शेजारची ओळ दिली. आत्ती म्हणजे टोळीच्या मुकादम. साठीच्या पुढच्या. त्या कुणाच्याच आत्ती नाहीत, पण सगळ्या त्यांना आत्तीच म्हणतात. टोळी त्यांनी जमवली, बागायतदाराशी बोलणं त्यांचं, आणि मागं पडलेलीला पहिला टोमणाही त्यांचाच असायचा. आई लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या हातात पहिली कात्री आत्तींनीच दिली होती.

तीन दिवस मी वहीत वाक्यं गोळा केली. कामाच्या मधे लिहिता यायचं नाही, म्हणून डोक्यात धरून ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीत उतरवायची. जतची, विट्याची, कुंडलची, सगळ्या एकमेकींना सोलत होत्या. माझ्यापाशी आल्या की आवाज बदलायचा. "पानी पायजे का गं तुला?" "बस की जरा सावलीला." कुंडलची माझ्याच वयाची, एका मुलाची आई. लहानपणी जत्रेत आम्ही एकत्र पाळण्यात बसलेलो. ती मला 'ताई' म्हणाली. मी दचकलेच.

मी स्वतःची समजूत घातली. मला वाटलं, मी मागं पडत नाही म्हणून कुणी बोलत नाही. खरंच माझी ओळ वेळेत निघत होती. पहिल्या दिवशी चारच्या सुमारास, दुसऱ्या दिवशी त्याच्याही आधी. माझ्या हाताला वेग आहे, आईचा हात माझ्यात उतरलाय, असं मनात येऊन मला आनंद झाला होता. रविवारी फोनवर मैत्रिणीला तसं सांगितलंही. आता आठवलं की लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तहान लागली. पाण्याचा ड्रम ओळींच्या पलीकडच्या टोकाला होता. मी बांधावरून वळसा घालून गेले आणि माझ्याच ओळीच्या शेवटाला मला पाय दिसले. निळी चप्पल, एक पट्टा तारेनं बांधलेला. आईची चप्पल. मी उभी राहिले. कात्रीचा आवाज येत होता, बारीक, भराभर. तिथून मांडवाच्या मधल्या खांबापर्यंतचे सगळे घड झालेले होते. आई तिची ओळ लवकर उरकून रोज माझ्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला येत होती. एक शब्द न बोलता.

मी पाणी न पिताच परत आले. त्या दिवशीही माझी ओळ वेळेत निघाली.

गाडीतून उतरून घराकडे चालताना मी विचारलं.

"कवापासनं करतीस हे?"

आई म्हणाली, "काय?"

"माझी वळ."

तिनं डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "मग काय करू? तुला सवय हाय का? हात सुजत्याल. तुला पेपर लिवायचं हायत."

"मग बोलायचं की. समद्याजनी बोलत्यात तसं बोलायचं. चेष्टा करायची आणि धरायची."

"चेष्टा?" आई थांबली. "तुजी?"

आणि मग तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी मी गाडीत चढायच्या आधी तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की माझी पोर येतीया, तिला काही बोलू नका. ती शिकतीया. उद्या मास्तरीण हुईल. शिकल्याली माणसं बोलणं मनाला लावून घेत्यात. आईचा आवाज तक्रारीचा नव्हता. तिनं माझ्यासाठी काहीतरी मिळवून आणलंय, असाच तो आवाज होता.

"मला नको हे," मी म्हणाले.

"नको म्हंजे?"

"म्हंजे मला तुमच्यात धरा. पाव्हणी करू नका."

"येडी हायस," आई म्हणाली आणि पुढं चालू लागली. चूल पेटवताना मात्र पाठमोरीच म्हणाली, "मी नवीन आल्यावर लय बोलायच्या. घरी येऊन रडायची मी. तुला काय ठावं."

मला खरंच ठाऊक नव्हतं. तरी मी ठरवलं. उद्या आईनं माझ्या ओळीला हात लावायचा नाही. आणि मी सगळ्यांना सांगणार.

सकाळी गाडीत बारा बायका, मी, डब्यांच्या पिशव्या आणि कात्र्यांचा डबा. मी दोनदा घसा साफ केला. मग म्हणाले, "आजपासून माझी चेष्टा करायची. आईनं सांगितलं ते सोडून द्या. मी काय वाईट वाटून घेणार नाही."

गाडी खड्ड्यातून गेली. कुंडलची खाली बघत हसली, पण ते चेष्टेचं हसू नव्हतं. आई बाहेर उसाकडं बघत होती, जणू तो तिनं कधी बघितलाच नव्हता. शेवटी आत्ती म्हणाल्या, "चेष्टा काय रेशन हाय व्हय गं, मागितलं आन मिळालं?"

त्यावर जतची म्हणाली, "बरं, करू की ताई, करू," आणि ते 'ताई' मला कात्री लागल्यासारखं झालं.

त्या दिवशी बाग नवी होती, ओळी लांब होत्या. मी जीव तोडून हात चालवला. आई तिची ओळ संपवून बांधावर गेली. तिची निळी चप्पल माझ्या ओळीसमोरून गेली, जरा थबकली आणि निघून गेली. मला तिची दया आली आणि रागही. दुपार उतरली तेव्हा माझी निम्मी ओळ बाकी होती. मला कळलं की माझा हात खरोखर किती आहे. तीन दिवस मी ज्याचा गर्व केला तो माझा नव्हताच.

एक एक करून सगळ्या बाहेर पडल्या. आवाज बांधावर गेले. मांडवात शांत झालं, नुसती माझी कात्री ऐकू येत होती. मग लक्षात आलं की अजून एक कात्री वाजतीय. शेजारच्याच ओळीत, हळू, मधे मधे थांबून. वाकून बघितलं. आत्तींचे पाय होते.

त्यांची ओळ माझ्याइतकी नाही, पण बरीच राहिली होती. उजवा हात वर जायचा, दोन मणी कापायचा आणि खाली यायचा. मग डावा हात उजव्या खांद्याला धरायचा. असं किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक. मी तीन दिवस वही घेऊन सगळ्यांचं ऐकत होते. आत्तींनी त्या तीन दिवसांत एकदाही कुणाला टोमणा मारला नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. कशा मारतील? टोमणा मारला तर ओळ धरायला जायला लागतं, आणि त्यांची स्वतःचीच उरकत नव्हती.

आणि आत्तींची चेष्टा कोण करणार? त्या मुकादम. ज्यांनी प्रत्येकीच्या हातात कात्री दिली, त्यांना कोण म्हणणार की तुमी मागं पडला? म्हणून सगळ्या गप्प बसल्या होत्या. बोलत नव्हत्या म्हणून मदतही करत नव्हत्या. बांधावर बसून दुसरीकडं बघत होत्या. माझ्या बाबतीत शिक्षणाला मान देत होत्या, आत्तींच्या बाबतीत वयाला. मांडवात आम्ही दोघीच होतो आणि दोघींना मान मिळत होता.

मला बोलावंसं वाटलं आणि भीतीही वाटली. मी तोवर कधीच कुणाची चेष्टा केलेली नव्हती. माझी जीभ त्या वेळेला वळत नाही, रात्री झोपताना उत्तर सुचतं अशातली मी. शिवाय मला हक्क कुठला? चेष्टा पुढं गेलेलीनं मागं पडलेलीची करायची असते. मी तर त्यांच्याही मागं होते. पण आत्तींचा हात परत खाली आला, आणि त्यांनी दातावर दात दाबून सोडलेला श्वास मला ऐकू आला. आता गप्प बसले तर मी कायम वही घेऊन कडेला बसणारीच राहीन, असं वाटलं.

मी मोठ्यानं म्हणाले, बांधापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं, "आवं आत्ती, तुमी पोचोस्तर तुमच्या वळीतल्या द्राक्षांचं बेदाणं हुत्याली की!"

कात्री थांबली.

बांधावरचे आवाजही थांबले. मला वाटलं, आता संपलं. आईला उद्यापासून टोळीत तोंड दाखवता येणार नाही. मी माझी कात्री खाली घेतली.

मग पानांच्या आडून आत्तींचा आवाज आला. पहिल्या दिवशी कात्री देतानाचा, गाडीतला, असा कुठलाच नाही. शाळेत असताना डबा घेऊन आल्यावर ऐकायचे तो.

"माज्या वळीचं बेदाणं तरी हुत्याली, भवाने! तुज्या वळीची तर दारू हुईल, दारू! निम्मी बी झाली न्हाई, आन मला शिकवाय आलीस? धर आता माजी वळ. धर! तोंड चालवलंस ना?"

मग जतची एवढ्यानं हसली की कुठला तरी पक्षी उडाला. "आगं, दारू हुतीया म्हनं! चला गं, बाटल्या घिऊन चला!" आणि एकदम बांधावरचे सगळे पाय मांडवात शिरले.

मी धावत आत्तींच्या ओळीच्या पलीकडच्या टोकाला गेले, कारण रीत ती रीत. माझी ओळ तशीच सोडून. पहिला घड धरला. आता माझ्या ओळीतून आवाज यायला लागले, आणि ते सगळे माझ्याबद्दल होते. मला पाठ करायची गरज पडली नाही, अजून शब्दन् शब्द आठवतो.

"हितं बघा, हितं! हिनं बारकं मनी ठेवल्यात आन मोटं काडल्यात. गरिबाची बाजू घेतीया पोर!"

"आगं, कालिजात तसंच शिकवत्यात."

"तीन रोज लय तोऱ्यात हुती. मी म्हनलं, बया, ही रोज चारला मोकळी! हिची आई दोन वळी करतीया हे हिला ठावं न्हाई." ही विट्याची. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

"हिचं लगीन झाल्यावर काय गं? सासूनं भाकरी कर म्हनलं की आईला फोन. आई, दुसऱ्या बाजूनं थाप!"

हे मला लागलं. खोटं सांगत नाही, डोळ्यात पाणी आलं. हात वर असल्यामुळे पुसताही येईना. मान मागं असली की पाणी कानाकडं जातं, हेही त्याच दिवशी कळलं. पण हसूही येत होतं, आणि दोन्ही एकत्र आल्यावर माणूस फार विचित्र आवाज करतं.

मग आईचा आवाज आला. ती सगळ्यात शेवटी आत आली असावी. तिनं माझ्या ओळीतला एक घड धरला असणार, कारण म्हणाली, "ह्या घडाला कात्री लावलीया का नुसताच वाचून काडलाय?"

त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की बाहेर गाडीवाला हॉर्न मारायचा थांबला. आई माझी चेष्टा करताना मी पहिल्यांदाच ऐकली. इतके दिवस ती जे बोलली नव्हती ते त्यात होतं. थोडा रागही होता, असं मला वाटतं.

आत्ती आणि मी त्यांच्या ओळीच्या मधे भेटलो. त्यांनी माझे घड बघितले, एका घडातला राहिलेला मणी नखानं उडवला आणि म्हणाल्या, "खांदा दोन महिने झालं असाच हाय. कुनी तोंड उघडंना." मग जरा वेळानं, "मला बी चेष्टा कुठं मागून मिळतीया."

दुसऱ्या दिवसापासून आत्तींच्या ओळीला रोज कुणी ना कुणी टोमणा मारून हात लावायला लागलं, आणि त्या प्रत्येकीला दुप्पट परत करायला लागल्या. मलाही आता सूट नव्हती. मी सुट्टी संपेपर्यंत रोज मागं पडले. रोज बोलणी खाल्ली. एकदा कुंडलचीनं माझ्या चालण्याची नक्कल केली, वही छातीशी धरून, मान खाली घालून, पाय जपून टाकत. इतकी हुबेहूब की मला मॅडमचा अंदाज आठवला, हावभाव करून दाखवण्याचा. मी ते लिहून घेतलं. शेवटच्या दिवशी कुंडलचीलाच उशीर झाला, कारण लेकराला ताप होता आणि ती उशिरा आली. मी तिला काहीतरी बोलले. फार चांगलं नव्हतं ते, कुणी हसलंही नाही. पण ओळ धरली.

प्रकल्प लिहायला बसले तेव्हा ठरवलं, की जे माहीत आहे तेवढंच लिहायचं. मूळ संस्कृत, अर्थ हालचाल आणि प्रयत्न, तिथून थट्टेपर्यंतचा रस्ता मला खात्रीनं सांगता येत नाही. आमच्या टोळीत मात्र चेष्टा म्हणजे तोंडानं दुसऱ्याला मागं पडलेला म्हणायचं आणि हातानं त्याला पुढं आणायचं. यातलं एकच केलं तर तिला चेष्टा म्हणत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी चारदा खोडलं आणि पाचव्यांदा ठेवलं.

मॅडमनी समासात लिहिलं, 'एका टोळीची रीत म्हणजे शब्दाचा अर्थ होईलच असं नाही. पुरावा?' त्यांचं बरोबर आहे. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांच्या गावात आलं काढायला बायकांच्या टोळ्या असतात, तिथंही चेष्टा असते, पण ओळ धरायची रीत त्यांनी ऐकलेली नाही. मी म्हणाले, "मी विचारून येते." मला स्वतःचं आश्चर्य वाटलं, कारण वर्गात मी सहसा 'बरं मॅडम' एवढंच म्हणते. साताऱ्याकडच्या दोन टोळ्यांचा पत्ता मी वर्गातल्या मुलीकडून घेतला आहे, आणि आमच्याकडे हळद काढायच्या वेळी त्या टोळीतही जाणार आहे. सापडलं तर लिहीन. नाही सापडलं तर नाही सापडलं असं लिहीन.

समासातलं वाक्य मी आत्तींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पुरावा पायजे व्हय? मग तिला म्हनावं ये एक रोज. आमी वळ देतो."

मी हे भीत भीत मॅडमना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "येते. पुढच्या रविवारी."

काल आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मॅडम यायच्या हायत नव्हं? मग समद्यास्नी सांगून ठेवू का, त्येंस्नी काय बोलू नका म्हनून? मोठ्या बाई हायत त्या."

मॅडमचे हात मऊ आहेत. त्यांची ओळ दुपारपर्यंत पावसुद्धा निघणार नाही. जतची त्यांना काय काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

"नको," मी म्हणाले. "काही सांगू नकोस. फक्त एक क्रेट गाडीत टाकायला सांग. मॅडम बुटक्या आहेत, वर उभं राहिल्याशिवाय त्यांचा हात घडाला पोचायचा नाही."